जहाज कंपनीतल्या नव्या ऑपरेशन्स मॅनेजरसाठी: सक्तीच्या सिस्टीम्स कशा हाताळाल

अभिनंदन! सहा-सात संगणक सिस्टीम्स एकदम अंगावर आल्या की गांगरायला होतं. पहिल्याच महिन्यात सगळं शिकायच्या मागे लागू नका.

आधी एवढंच वेगळं करा: कुठली गोष्ट नियमाने सक्तीची आणि कुठली फक्त कंपनीच्या हौसेची. भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन जुलै २०१६ पासून सक्तीचं आहे. ते नसेल तर कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. असली कामं सकाळी आधी उरका. रंगीत डॅशबोर्ड दुपारनंतरही चालतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- पडद्यावरच्या हिरव्या रंगावर (म्हणजे ‘नियमात बसतंय’) विश्वास. जहाजावरच्या माणसांच्या विश्रांतीचे तास कोणत्याही २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत ७७ हवेत. माझ्या पडद्यावर वर्षभर सगळं हिरवंगार होतं. जहाजावर गेलो तेव्हा कळलं, लाल दिसलं की ऑफिसातून फोन येतो म्हणून मंडळी आकडे जुळवून भरत होती. फोन करणारा मीच! तेव्हापासून लाल दिसलं की पहिला प्रश्न, ‘माणूस कमी पडतोय का?’
- सिस्टीममध्ये असलेलीच माहिती पुन्हा ईमेलवर आणि एक्सेलमध्ये मागणं. कॅप्टन वैतागतो, आणि त्याचं बरोबरच असतं.
- एकच पासवर्ड सगळ्यांत वाटणं. कुणी काय बदललं ते नंतर सापडत नाही.

अहवाल, विश्लेषण वगैरे सहा महिन्यांनी बघू. तोवर जमलं तर दोन दिवस जहाजावर काढा आणि नोंदी भरणाऱ्याच्या शेजारी बसा.