जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळतो. ग्राफिक्स कमी करू की फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं)?

आधी शॅडो म्हणजे सावल्या कमी कर भाऊ, टेक्श्चरला (वस्तूंवरच्या रंग-नक्षीच्या थराला) हात लावू नको. टेक्श्चरचा भार मुख्यतः व्हिडिओ मेमरीवर, म्हणजे ग्राफिक्स चिप वापरते त्या मेमरीवर. ती पुरत असेल तर हाय ठेवूनही फ्रेम फारशा घटत नाहीत. सावल्या मात्र ग्राफिक्स चिपचा जीव काढतात. तरी नाही जमलं तर रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) १०८० वरून ७२० वर आण, पिक्सेल म्हणजे ठिपके निम्म्याहून कमी होतात. चित्र जरा धुरकट दिसेल.

सेकंदाला ६० फ्रेम असतील तर प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. म्हणून ६० अन् ३५ मध्ये उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा ३० वर लॉक केलेला, म्हणजे तिथेच स्थिर ठेवलेला, डोळ्याला बरा वाटतो. रेसिंगला मात्र मी ६० च घेतो, चित्र कसंही दिसो.

अन् आपल्याकडची खरी गोम म्हणजे ऊन. मे महिन्यात आमच्या दारव्ह्याकडे दुपारी माझा लॅपटॉप २० मिनिटं मस्त चालायचा, मग तापून आपोआप मंदावायचा. मी येडा सेटिंग बदलत बसलो! दोष गादीचा होता, लॅपटॉप तिच्यावर ठेवलेला, त्यामुळे खालची हवेची जाळीच बंद. दोन विटांवर ठेवला, फरक पडला. कूलरच्या ओल्या झोतात मात्र ठेवू नको. लाइन गेली की बॅटरीवर फ्रेम पडतातच, तेव्हा सेटिंगला दोष देऊ नको.