‘बापावर गेलंय पोरगं, आता काय करू?’

“मॅडम, खरं सांगा, हे रगतातच असतंय का हो?” खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं. कुपवाडहून वडापनं सांगलीत आली होती. मार्केट यार्डात हळद निवडायचं काम, त्यामुळं तळहातांच्या रेषांत पिवळा रंग मुरलेला. शेजारी चौदा वर्षांचा मुलगा, मान खाली. (दोघांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

नवरा भांडणातल्या खुनासाठी कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात जन्मठेप भोगतोय. तो आत गेला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. आता नववीत गेल्यावर मुलानं हातात कोयता घेतलेला फोटो स्टेटसला ठेवला. कुणीतरी तो पोलिसांना दाखवला. पोलिसांनी आईसमोर समज देऊन सोडलं, पण गल्लीनं निकाल लावून टाकला: खाण तशी माती.

हा प्रश्न माझ्याकडं वेगवेगळ्या तोंडांनी येत राहतो. कधी आई विचारते, कधी आजी, कधी लग्न ठरवताना मुलीचा बाप.

आईला बाहेर बसवून मुलाशी बोलले. पहिली वीस मिनिटं तो टेबलाच्या कडेवरचा सनमायका नखानं उचकटत होता. मग हळूहळू कळलं. कोयता त्याचा नव्हता. चौकातल्या एका ‘भाई’चा वाढदिवस होता, त्यानं फोटोपुरता हातात दिला.

“हातात घेतल्यावर कसं वाटलं?”

“सगळी म्हणाली, बापाचा शोभतोस.”

हे सांगताना त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

पुढच्या आठवड्यात आईला विचारलं, “ताई, राग आला की त्याला काय म्हणता?” ती बराच वेळ हातांकडं बघत राहिली. “बापावर गेलायस, त्याच्याच वाटंनं जाशील, आसं म्हणते.” किती वेळा? “रोजच की वो.”

एकच वाक्य. घरात ते शिवी म्हणून येत होतं, चौकात शाबासकी म्हणून. शाळेतही वर्गात काही हरवलं की आधी याचंच दप्तर उपसलं जायचं. आपण कोण, हे चौदाव्या वर्षी मूल दुसऱ्यांच्या डोळ्यांत शोधत असतं. याला तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळत होतं, आणि त्यातलं फक्त चौकातलं मायेनं दिलेलं होतं. तो चौकाकडं ओढला गेला यात मला नवल वाटलं नाही.

रक्ताचं म्हणाल, तर त्याचाही अभ्यास झाला आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांना संशोधक मोठेपणापर्यंत तपासत राहिले. 2002 मध्ये त्यांनी त्यातल्या मुलग्यांबद्दल मांडलं की एका विशिष्ट जनुकाचा मंद प्रकार असलेले जे मुलगे लहानपणी मारहाण, हेळसांड सोसत वाढले, त्यांच्यात पुढं हिंसक वागणं बरंच जास्त दिसलं. तोच जनुक घेऊन जे नीट सांभाळले गेले, त्यांच्यात तसं दिसलं नाही. आईला मी हे शेतातल्या भाषेत सांगितलं. बी असेलही, पण पाणी कुणी घातलं ते बघायला हवं.

आणि ‘रक्तातच गुन्हा’ ही समजूत किती घात करते, हे आपल्या मुलखानं पाहिलंय. 1871 मध्ये इंग्रजांनी कायदाच केला आणि पुढं कितीतरी जमातींवर जन्मापासून गुन्हेगार असा शिक्का बसला. 1952 मध्ये त्या विमुक्त झाल्या. तरी आजही कुठं चोरी झाली की संशय आधी पारध्याच्या पालाकडंच वळतो. दप्तर आधी उपसलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

वातावरणावर सगळं ढकलून मुलाला मोकळं सोडावं, असं मी म्हणत नाही. कोयता त्यानंच हातात धरला होता. ते मी त्याच्याकडून दोनदा बोलून घेतलं.

आईची दुसरी धास्ती, पुढं नोकरीला हे नडेल का? तिला सांगितलं, यात पोलिसांनी समज देण्यापलीकडं काही केलेलं नाही. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख जाहीर करायला मनाई आहे. त्याच्या वयात गुन्हा सिद्ध झाला तरी पुढच्या आयुष्यात तो अपात्रता ठरू नये, असंही कायदा म्हणतो. तिनं सुस्कारा सोडला, पण पुरता विश्वास बसला नसावा.

मग खरं काम. ‘बापावर गेलायस’ हे वाक्य घरातून हद्दपार करायचं. राग आला तर त्या दिवशी जे केलं तेवढ्यावरच बोलायचं. आणि वडिलांची भेट. नऊ वर्षं तिनं ती होऊ दिली नव्हती, म्हणून मुलाच्या डोक्यात चौकानं रंगवलेला बाप बसला होता. ती कळंब्याला घेऊन गेली. परतल्यावर मुलगा मला एवढंच म्हणाला, “पप्पा लई वाळल्यात. नववीची पुस्तकं घेतलीस का, विचारत हुते.” त्यानंतर ‘शोभतोस’चा विषय त्यानं काढला नाही.

हवाई बेटांपैकी कवाई इथं 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा असाच दीर्घ अभ्यास झाला. अनेक बाजूंनी धोक्यात असलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश व्यवस्थित मोठी झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी मोठं माणूस खंबीर उभं होतं. इथं असं माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. सांगलीवाडीचा मामा कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारतो. आधी तो टाळाटाळ करत होता, “ताप नको” म्हणायचा. तीनदा फोन केला तेव्हा आला. आता रविवारी भाच्याला सरावाला नेतो. चुकला तर सगळ्यांदेखत ओरडतो, पण त्याच्या नावानं.

वर्ष होत आलं. चौकातला तो भाई अजून फोन करतो. कधी उचलतो, कधी नाही, असं मुलगाच मला सांगतो.