गीझ लिपीतलं एक अक्षर, एकच कोड

प्रश्न: माझं डीटीपीचं काम आहे. एका क्लायंटने अम्हारिक भाषेतला मजकूर पाठवलाय, तो एका कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दाखवतो आणि दुसऱ्यावर रोमन ए वर तिरकी रेघ, मधेच युरोचं चिन्ह असलं काहीतरी. शिवाय त्या लिपीतही आपल्यासारखी बाराखडी आहे म्हणे, मग मात्रा वेगळी का टाइप होत नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी दुसरी शंका घेतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

इथिओपिया आणि एरिट्रियामध्ये अम्हारिक, तिग्रिन्या वगैरे भाषा ज्या गीझ लिपीत लिहितात, तिला तिकडे फिदेल म्हणतात. व्यंजन तेच ठेवून स्वर बदलला की अक्षराचं रूप बदलतं, इथपर्यंत आपल्यासारखंच. पण आपली वेलांटी कुठल्याही अक्षराला लावा, ती तशीच दिसते आणि वेगळी काढता येते, तिथे मात्र कुठे बाजूला छोटी रेघ येते, कुठे एक पाय लांब होतो, कुठे अख्खं अक्षरच वाकतं, त्यामुळे "ही घ्या मात्रा" असं म्हणून सुटा तुकडा दाखवताच येत नाही. म्हणून 1999 साली युनिकोड 3.0 मध्ये (युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक आकडा, म्हणजे कोड, देणारी यादी) ही लिपी आली तेव्हा प्रत्येक रूपाला स्वतंत्र कोड दिला. आपलं 'कि' म्हणजे क आणि वेलांटी असे दोन कोड, त्यांचं 'कि' म्हणजे एकच.

मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो, कारण तिकडची मुलं फिदेलचा तक्ता शिकतात तो पूर्ण अक्षरांचाच.

आणि मांडणी किती सुरेख केलीये बघा. पहिलं अक्षर 'ह', त्याचा कोड हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, 1200, म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यात 4608. प्रत्येक व्यंजनाला आठ जागांची ओळ, त्यातल्या पहिल्या सात जागा सात स्वररूपांना, आठवी बहुतेक ठिकाणी 'ल्वा'सारख्या जोडरूपाला. म्हणून 'ल' ची ओळ बरोबर 4616 ला सुरू होते. कोडला आठने भागा, बाकी शून्य आली तर पहिलं रूप, एक आली तर 'उ' चं. हलन्त चिन्ह वेगळं नाहीच, ते काम सहावं रूप करतं. काही ओळींत मधे रिकाम्या जागा आहेत, तिथे कुठलंच अक्षर नाही, ती चूक समजू नका.

एक सांभाळा मात्र. अम्हारिकमध्ये 'ह' सारखा उच्चार असलेली अक्षरं एकापेक्षा जास्त आहेत, हेक्समधल्या 1200, 1210 आणि 1280 या तिन्ही ओळी त्यातल्याच, त्यामुळे तोच शब्द दोन प्रकारे लिहिलेला सापडू शकतो आणि सर्च केल्यावर एकच मिळतो. प्रूफ तपासताना फाइंड-रिप्लेसवर भरवसा ठेवू नका, अम्हारिक वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या.

आता तुमची फाइल. चौकोन दिसतायत म्हणजे बहुतेक मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाहीये. नोटो सान्स इथिओपिक किंवा अ‍ॅबिसिनिका एसआयएल टाका, दोन्ही फुकट आहेत. रेघवाला ए आणि युरो म्हणजे यूटीएफ-8 ची फाइल (यूटीएफ-8 ही युनिकोडचे कोड फाइलमध्ये साठवायची पद्धत) जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं साठवायच्या वेगळ्याच पद्धतीने, उघडलीये. गीझ लिपीतला तो पहिला 'ह' यूटीएफ-8 मध्ये ई1, 88, 80 असे (हेक्समधले) तीन बाइट घेतो, आणि विंडोजच्या त्या जुन्या टेबलात ई1 म्हणजे रेघवाला ए, 80 म्हणजे युरो, म्हणून ते तसं दिसतं. मराठी फाइलींचीही अशीच वाट लागते हे तुम्ही पाहिलं असेलच. फाइल तशीच सेव्ह करू नका, बंद करून यूटीएफ-8 निवडून परत उघडा.

पण मजकुराच्या जागी साधी प्रश्नचिन्हं आली असतील तर अक्षरं खरोखर गेलीत, कुठलाही फॉन्ट ती परत आणणार नाही. तेव्हा क्लायंटकडून मूळ फाइल पुन्हा मागवा, आणि सोबत पीडीएफ पण मागा म्हणजे पान कसं दिसायला हवं ते ताडून बघता येईल.