सीझन बॉल बोटाला लागला असेल तर आधी हे बघा

ताई, ऐरोलीत झेलांचा सराव करताना लेकाच्या मधल्या बोटाच्या टोकावर सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचा कडक चामडी चेंडू, बसला, एक्स-रे नॉर्मल आला, पण टोक अजून खाली झुकलेलंच आहे, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही. झेलाचं तंत्र नंतर. आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, उद्याच.

मी डॉक्टर नाही. पण ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर माझंही हेच झालं होतं. ज्या दवाखान्यात गेलो तिथे फिल्म उजेडासमोर धरली, "हाड शाबूत आहे, मुका मार आहे" म्हणाले आणि मलम लिहून दिलं. बोट सरळ करून दाखवा, एवढंही कुणी म्हणालं नाही! टोक उचलणारं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटलं असेल तर ते एक्स-रेत दिसत नाही. मुलाच्या बोटाचा मधला सांधा धरा आणि त्याला फक्त टोक उचलायला सांगा. दुसऱ्या हाताने सरळ होतंय, पण स्वतःहून उचलता येत नाही, तर बहुधा मॅलेट फिंगर. त्यावर साधारण 6 ते 8 आठवडे रात्रंदिवस स्प्लिंट, म्हणजे टोक सरळ धरून ठेवणारी पट्टी, लागते, आणि मध्ये एकदा जरी टोक वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मला ती फार उशिरा मिळाली. आजही खिशात हात घालताना ते टोक अडकतं, आणि त्या दवाखान्याचा राग येतो. मैदानावर कुणी "खेचून बसवतो" म्हणालं, तर बोटाला हात लावू देऊ नका.

आता झेल घेताना "हात घट्ट ठेव" असं कोच त्याला सांगतात, त्याबद्दल. कोच तुमचे, मुलगा तुमचा, पण मला हे अजिबात पटत नाही. 160 ग्रॅमचा चेंडू 20 मीटरवरून खाली आला, तर हवेचा अडथळा सोडून वेग ताशी 70 किलोमीटरच्या आसपास होतो. हात त्याच्यासोबत 20 सेंटिमीटर मागे गेले, तर थांबायचं अंतर पडण्याच्या उंचीचा शंभरावा भाग. म्हणजे हातावर सरासरी चेंडूच्या वजनाच्या शंभरपट, 16 किलोइतका भार. घट्ट हातात तोच चेंडू 2 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर 160 किलो! शिवाय तो उसळून बाहेर जातो ते वेगळंच. पण हात मागे घ्यायला जागा हवी ना? ते आधीच चेंडूकडे पुढे गेलेले हवेत. मुलांना फक्त "मागे घे" सांगतात, हे कुणी सांगत नाही. आणि बोटांची टोकं चेंडूवर कधीच रोखायची नाहीत. छातीच्या वरचा झेल असेल तर बोटं आभाळाकडे, कमरेखालचा असेल तर जमिनीकडे. चेंडू बोटांच्या मुळाशी, तळहातात बसला पाहिजे.

मुलगा 13 वर्षांच्या आतला असेल तर अजून एक. त्यांचा चेंडू 133 ते 144 ग्रॅमचा असतो, मोठ्या पुरुषांचा 156 ते 163. बऱ्याच ठिकाणी एकाच पिशवीतले चेंडू सगळ्यांना देतात, पावसात भिजून जड झालेलेसुद्धा. एकदा सरावाचा चेंडू घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, आणि जास्त भरला तर तो आकडा घेऊनच कोचशी बोला.