बर्लिनमध्ये रोजच्या भाजीसाठी आठवडी बाजार परवडतो का?

परवडतो, पण कुठल्या बाजारात जाता आणि किती वाजता जाता, त्यावर सगळं आहे. इथे त्याला 'वोखनमार्क्ट' म्हणतात, म्हणजे शब्दशः आपला आठवडी बाजारच.

मी नॉयकोल्नमध्ये राहते, त्यामुळे माझा बाजार मायबाखउफरचा. लांडवेअर कालव्याच्या काठाने दर मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. १९६१ च्या कामगार-भरतीच्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार पश्चिम जर्मनीत आले, त्यांतली बरीच कुटुंबं या भागात स्थिरावली, आणि त्यांच्या स्वयंपाकाला जे लागतं ते इथे मिळू लागलं. आपल्यालाही नेमकं तेच हवं असतं: भेंडी ('बाम्या' म्हणा, लगेच कळतं), वांगी, पुदिना, भरघोस जुडीची कोथिंबीर. सुपरमार्केटात प्लास्टिकच्या डबीत कोथिंबिरीच्या चार काड्या मिळतात, त्या बघून जीव तुटतो. जुडी मात्र हुंगूनच घ्या. शेजारी पार्सली ठेवलेली असते, पानं जवळजवळ तशीच, आणि घरी वाटण केल्यावर चूक कळून उपयोग नसतो.

संध्याकाळी बाजार आवरायला लागला की "आइन ऑयरो!" (एक युरो!) असा पुकारा सुरू होतो आणि भाव झरझर उतरतात. टोमॅटो, पीच, जर्दाळू तेव्हाच घ्यावेत, पण खोका घेताना तळाचा थर बघा. आणि फळं अंगठ्याने दाबून बघायची आपली सवय इथे चालत नाही. "आजच खायचे आहेत" असं सांगा, विक्रेता स्वतः निवडून देतो. चीजच्या पाटीवरचा भाव बहुतेक वेळा १०० ग्रॅमचा असतो, किलोचा नाही. नवी माणसं इथे हमखास फसतात. सुटे पैसे आणि पिशवी जवळ असू द्या.

श्योनेबर्गला विंटरफेल्टप्लाट्झवर बुधवारी आणि शनिवारी भरणारा बाजार महाग आहे, रोजच्या भाजीला मी तिथे जात नाही. पण वसंतात बर्लिनजवळच्या बेलिट्झ गावचा पांढरा श्पार्गेल, म्हणजे शतावरीच्या जातीचे कोंब, मी तिथूनच आणते. दोन कोंब एकमेकांवर घासले की ताजे असतील तर चुंई असा आवाज येतो. २४ जूनला हंगाम संपतो, त्यामुळे मे महिन्यात येत असाल तर पहिला शनिवार चुकवू नका.