डाळिंबाची बाग रासायनिक खत बंद करून नुसत्या शेणखत-जीवामृतावर चालेल का?

नुसत्या जीवामृतावर, म्हणजे शेण-गूळ-बेसन पाण्यात आंबवून केलेल्या द्रावणावर, चालणार नाही. एकटं शेणखतही पहिल्या वर्षापासून पुरणार नाही, आणि ते झाडाला लागू पडेल की नडेल, हे ते शेण किती दिवस मुरलंय त्यावर आहे. तुम्ही लिहिलंय की अडीच एकर भगवा वाणाचं डाळिंब आहे, झाडं तीन वर्षांची आहेत आणि शेजारच्या गोठ्यातून ताजं शेण भरपूर आणि स्वस्तात मिळतंय, ते लगेच टाकायचा विचार आहे. ते ‘ताजं’ आणि ‘लगेच’ वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

आमची बाग सांगोला तालुक्यात. २०११ च्या पावसाळ्यात ७०० झाडं लावली. मुरमाड रान, खाली चुनखडी. पुढच्याच वर्षी पावसानं दगा दिला. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी आमच्याकडं काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सांगोला, आटपाडी, माण, सगळीकडं जनावरं छावणीत आणि बागा टँकरवर. शेततळ्यात टँकर रिकामा करायचा आणि ठिबकवर तासभर पाणी सोडायचं, एवढ्यावर आम्ही ती लेकरं जगवली.

उन्हाळा सरता सरता छावणीजवळ शेणाचे डोंगर झाले होते. वाहतुकीच्या पैशात ट्रॉली मिळायची. माझे धाकटे दीर आठ ट्रॉल्या घेऊन आले. मी म्हटलं, भावजी, हे खड्ड्यात टाकू, दसऱ्यानंतर वापरू. माझं माहेर माणमधलं. तिथं वडिलांचे दोन खतखड्डे असायचे, एक भरायचा आणि एक मुरायचा. मुरणाऱ्या खड्ड्याला सहा-आठ महिने कुणी हात लावायचं नाही, अगदी पाहुण्यानं मागितलं तरी. दीर म्हणाले, “वहिनी, शेण ते शेण. जमिनीत काय कुजायचं राहणारे का?” आमचे हे दोघांच्या मध्ये गप्प बसले.

ती ट्रॉली मला अजून दिसते. उसाचे वाढे जसेच्या तसे, सुतळीचे तुकडे, आणि पहाटेच्या गार हवेत वरून वाफा निघत होत्या. कोपरापर्यंत हात घातला तर दहा आकडे मोजेपर्यंत आत ठेवता येईना. तसलं शेण झाडामागं चार पाट्या, तेही थेट खोडाला लावून ढीग केला, कारण गड्यांना तेच सोपं पडतं.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेऱ्यांचा घोंगाट सुरू झाला, तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. जुलैअखेर काही झाडं पिवळी पडली. आमच्या रानात चुनखडीमुळं लोह कमी पडून पानं पिवळी होतातच, म्हणून दिरांनी फेरस, म्हणजे लोहाचं खत, सोडलं. फरक नाही. एक दिवस मी झाडाला धरून हलवलं तर खोड खिळखिळ्या दातासारखं हललं. उपसून बघितलं. अंगठ्याएवढं मूळ तेवढं शिल्लक, पांढरी मुळी औषधालाही नाही, सालीवर कुरतडल्याच्या खुणा. खालची माती घमेल्यात घेऊन चाळली. अकरा हुमण्या निघाल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या. एका झाडाखाली अकरा! हुमणी म्हणजे त्या भुंगेऱ्यांचीच अळी. भुंगेरे कच्च्या शेणात अंडी घालतात आणि अळी मुळ्या खाते. पोळ्यापर्यंत ९४ झाडं गेली. टँकरच्या पाण्यावर जगवलेली झाडं पाऊस पडल्यावर मेली, हे मला आजही सहन होत नाही.

यातून दिरांनी निष्कर्ष काढला की सेंद्रिय म्हणजे थोतांड. वाटणी झाल्यावर त्यांच्या वाट्यात शेणाची पाटी गेलेली नाही, सगळं पोत्यातलं आणि ठिबकमधून सोडायचं. मी माझ्या वाट्यात पहिल्यांदा काय केलं असेल तर खड्डा खणला.

आता तुमचं. शेण आत्ता घ्या, पण बागेत नेऊ नका. सावलीत खड्डा करा नाहीतर ढीग लावा, ओल धरून ठेवा, महिन्या-दीड महिन्यानं खालवर करा. वापरायच्या तीन आठवडे आधी टनाला किलोभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) मिसळा. हुमणीचा भाग असेल तर हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशीही. ढिगात हात घातल्यावर चटका बसत नाही, मुताचा वास जाऊन पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो आणि काडी ओळखू येत नाही, तेव्हा खत झालं. बहार धरायच्या वेळी, म्हणजे ताण देऊन झाडाला फुलावर आणताना, छाटणीनंतर टाका. खोडापासून दीड-दोन फूट सोडून, झाडाची सावली जिथं संपते त्या कडेला ड्रिपरखाली चर घ्या आणि मातीआड करा. उघड्यावर टाकलेलं खत उन्हात वाळून नुसतं भुसकट होतं.

किती टाकायचं? विद्यापीठाची शिफारस पाच वर्षांपुढच्या झाडाला ४० ते ५० किलो शेणखत, आणि सोबत ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद, २५० ग्रॅम पालाश अशी आहे. तुमची झाडं तीन वर्षांची, तुम्हाला त्याहून कमी लागेल. पण मोठ्या झाडाचा हिशेब मांडून बघा. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. ४५ किलोत सव्वादोनशे ग्रॅम, त्यातलंही निम्म्याहून कमी पहिल्या वर्षी लागू होतं. दोन किलो निंबोळी पेंड घातली तर आणखी शंभरेक ग्रॅम. ६२५ कुठं आणि हे कुठं! म्हणून पहिल्या वर्षापासून रासायनिक पूर्ण बंद करा म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. झाडावर शंभर फळं धरायची आणि खायला घालायचं नाही, हा झाडावर अन्याय आहे. मी आज निम्मं रासायनिक देते, आणि तेही माती परीक्षण बघून. माझ्या मातीतला सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्क्यांवरून ०.६१ वर यायला सात वर्षं लागली. एक एकराच्या वरच्या सहा-सात इंच मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं. तिथं दोन ट्रॉल्यांनी एका वर्षात काय बदलणार?

जीवामृताला विरजण म्हणतात ते बरोबर आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, यात अन्नद्रव्य किती असणार? विरजण आहे, पण दूध पाहिजे ना. जमिनीत कुजायला काही असेल तर जीवामृत सोडा. मी पावसाळ्यात दोन ओळींच्या मध्ये ताग पेरते, फुलावर यायच्या आत कापून तिथंच आच्छादन करते आणि मग जीवामृत सोडते. तेव्हा ते काम करतं.

आणि खत बंद केलं म्हणजे माल रेसिड्यू फ्री (औषधांचे अंश नसलेला) झाला, असं कुणी सांगितलं असेल तर तेही डोक्यातून काढा. फळात जे अंश सापडतात ते फवारणीच्या औषधांचे. युरिया बंद करून तेल्या रोगावर औषधांचा मारा तसाच चालू ठेवला तर व्यापारी माल परतच करणार.

एक राहिलं. हे सगळं माझ्या मुरमाड रानाचं आहे. तुमची काळी जमीन असेल आणि पाणी साचत असेल तर एवढं खत घालून ओल धरून ठेवू नका, आधी चर काढून निचरा करा. बागेत मर रोग (झाड वाळून जाण्याचा) असेल तर त्या झाडाखालची माती किंवा खत दुसऱ्या झाडाला नेऊ नका, खोरंसुद्धा धुऊन वापरा. कोंबडखत घेणार असाल तर ते शेणाहून कितीतरी तीव्र असतं, शेणखताच्या मापानं घालाल तर मुळ्या जळतील.

दीर अजून म्हणतात की त्या साली हुमणी शेणानं आली नाही, पश्चिमेच्या बांधावर तीन कडुनिंब आहेत, भुंगेरे तिथून आले. भुंगेरे कडुनिंबावर येतात हे मलाही मान्य आहे, आता मी पहिल्या पावसानंतर रात्री फांद्या हलवून ते पाडते आणि रॉकेलच्या पाण्यात टाकते. पण त्या वर्षी आठ ट्रॉल्या सगळ्या बागेला पुरल्या नव्हत्या. सहा ओळी राहिल्या होत्या, शंभरावर झाडं, आणि त्या त्याच पश्चिमेच्या बांधाला लागून होत्या, कडुनिंबाच्या अगदी खाली. त्या सहा ओळींतलं एकही झाड गेलं नाही. वाटणीत त्या ओळी दिरांकडं गेल्या. आज त्यांच्या बागेतली सगळ्यात जुनी झाडं तीच आहेत.