रानहळद स्वयंपाकात चालेल का?

प्रश्न : कोकणातल्या नातेवाइकांनी 'कस्तुरी हळद' म्हणून दिलेले कंद आम्ही अंगणात लावले. कंद कापल्यावर आतून फिकट पिवळा दिसतो आणि कापरासारखा वास येतो. नेहमीच्या हळदीऐवजी ती भाजीत घालावी का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भाजीत घालू नये. वर्णनावरून हा कंद 'कर्क्युमा अरोमॅटिका' या रानहळदीचा असावा, मात्र कचोऱ्यालाही (हळदीच्याच कुळातला दुसरा कंद) कापरासारखाच वास असल्याने केवळ वासावर विसंबणे योग्य नाही. पानाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवून पाहावे. मखमलीसारखी बारीक लव लागली तर ती रानहळद, गुळगुळीत लागली तर बहुधा नेहमीची हळद. आणि मधल्या शिरेलगत जांभळट पट्टा दिसला तर कचोरा समजावा. फुलोराही बोलका असतो, कारण रानहळदीचा दांडा उन्हाळ्याच्या अखेरीस, बहुधा पानांच्या आधीच, थेट जमिनीतून बाजूला वर येतो, तर लागवडीच्या हळदीचा फुलोरा पावसाळ्यात पानांच्या मधून निघतो.

खरा फरक रंगद्रव्याचा आहे. आपल्याकडच्या पेठेत येणाऱ्या सांगलीच्या हळदीत (तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य भरपूर असते. रानहळदीत ते फारच कमी. दोन्ही कंदांचे ताजे काप घेऊन त्यांवर खायच्या चुन्याची निवळी टाकावी : नेहमीच्या हळदीवर लालभडक डाग उमटतो (हळदीचे कुंकू याच गुणावर बनत आले आहे), रानहळदीवर तो फिकाच राहतो. दुकानातल्या हळकुंडाशी मात्र आपल्या ओल्या कंदाची तुलना करू नये, कारण हळकुंड शिजवून, वाळवून, पॉलिश करून आलेले असते.

चवीला रानहळद कडवट असून तिच्या वासापुढे आमटीची फोडणी टिकत नाही. तिचा उपयोग मुख्यतः उटण्यात व लेपात होतो. तोही आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडासा लेप लावून, खाज सुटत नाही हे पाहूनच करावा. कस्तुरी हळदीच्या नावाने गर्द पिवळी पूड विकत मिळाली तर शंका घ्यावी. केरळात या नावाखाली कचोऱ्याच्या जातीचे कंद सर्रास विकले जातात.

हिवाळ्यात पाने पिवळी पडून वाळली म्हणजे झाड मेले असे नव्हे. त्या काळात पाणी बंद ठेवावे, नाहीतर सोलापूरच्या काळ्या, चिकट मातीत कंद कुजतात.